जिजींचं नाव काय होतं?
गटातल्या जुन्या बाईची आठवण कशी लिहून ठेवायची



मागच्या श्रावणात आपल्या एका गटातल्या जिजी गेल्या. सत्तरीच्या घरातल्या, गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सदस्य. गावातली लहान पोरंही त्यांना जिजी म्हणायची आणि सरपंचही जिजीच म्हणायचे. तेरावं झाल्यावर गटाने शोकसभा ठेवली आणि मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मी बोलले. जिजी मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं सगळं. पाच मिनिटं बोलून खाली बसले. सगळ्या जणी शांत होत्या, पण कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. खरं सांगते, माझ्याही नव्हतं. चार वर्षं मी दर महिन्याला जिजींच्या ओट्यावर बसून चहा प्यायले होते आणि तरी मी जे बोलले, ते कुठल्याही बाईबद्दल बोलता आलं असतं.

सभा संपत आली तेव्हा जिजींची नात जवळ आली. सातवीत आहे. म्हणाली, "मॅडम, जिजीचं माहेरचं नाव काय होतं? शाळेत 'माझी आजी' निबंध लिहायचाय."

मला माहीत नव्हतं. मी अध्यक्ष ताईंकडे पाहिलं, त्यांनी सचिव ताईंकडे. घरच्या सुनेलाही नक्की सांगता येईना. गटाच्या रजिस्टरला सासरचं नाव होतं आणि त्याच्यापुढे अंगठा. इतकी वर्षं जिच्या घरी बैठक भरली, तिचं पहिलं नाव गटात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी बोलल्या. "मला माहीत आहे. दुष्काळात खडी फोडायला आम्ही दोघी सोबत जायचो. मुकादम बायांची नावं लिहायचा नाही, अमक्याची बायको, तमक्याची सून असं लिहायचा. ही नवीन लग्न होऊन आलेली, तरी त्याला म्हणाली, खडी मी फोडते, तर माह्यं नाव लिवा. आणि तिनं माहेरचं नाव सांगितलं. आधी तो हसला. पण पुढच्या आठवड्यात मस्टरला तेच नाव लागलं. रोज सकाळी तो मोठ्यानं पुकारायचा, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं."

ती खडी जिथं पडली, तो रस्ता म्हणजे आज ज्यावरून एसटी येते तोच. मी चार वर्षं त्याच रस्त्यावरून स्कुटी घेऊन जिजींकडे जात होते.

मग सभा खरी सुरू झाली. एक ताई उठल्या. त्यांचे मालक अपघातात गेले त्या वर्षी त्यांचे कर्जाचे तीन हफ्ते थकले होते. "ते हफ्ते जिजीनं भरले. मला म्हणाली, कुणाला सांगू नको, तूबी विसरून जा. मी नाही विसरले." सचिव ताईंनी पेटीतून जुनं रजिस्टर काढलं. तीन महिने, तीन नोंदी, प्रत्येकीपुढे लिहिलेलं: हस्ते जिजी.

तेव्हा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जिजींचं नाव मी इथे छापत नाही. ते आता त्यांच्या नातीच्या वहीत आहे. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे. बाई किती चांगली होती हे सांगून तिची आठवण राहत नाही. तिने काय केलं, हे कुणीतरी लिहिलं तर राहते. आणि विचारायचं असेल, तर ती असतानाच विचारावं लागतं.

लिहिलं म्हणून राहिलं

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. बहिणाबाई चौधरींचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. त्यांचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. लग्न लहानपणीच झालं आणि त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. तिशीच्या आसपास नवरा वारला. पुढचं सगळं आयुष्य शेतात, घरात, मुलांना वाढवण्यात गेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना त्या आपल्याच बोलीत गाणी रचून म्हणायच्या.

आपल्या आज्या-पणज्याही जात्यावर ओव्या म्हणायच्याच की. मग बहिणाबाईंचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं आणि बाकीच्यांचं नाही, असं का? बहिणाबाईंच्या शब्दांची ताकद मोठी होती, हे आहेच. पण आणखी एक गोष्ट घडली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी ऐकून कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्र्यांनी ते वाचले आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

विचार करा, ते कागद नसते तर? शेतात राबणारी एक विधवा बाई होती, चांगली गाणी म्हणायची, एवढंच घरात दोन पिढ्या सांगितलं गेलं असतं. नंतर तेही नाही.

अजून एक उदाहरण सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहिलं गेलं. नुसतं 'एक बाई' असं लिहून सोडलं नाही.

आपल्याला पुस्तक काढायचं नाही. आपल्या गटातल्या प्रत्येक जुन्या सदस्याचं एक पान लिहायचं आहे. ते कसं, ते आता बघू.

काय विचारायचं?

"आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "काय सांगू बाई, कष्टात गेलं सगळं." हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून पान भरत नाही. म्हणून प्रश्न छोटे आणि नेमके विचारा. मी हल्ली हे विचारते:

• माहेरी तुम्हाला काय नावाने हाक मारायचे? सासरी नाव बदललं का? कुणी ठेवलं?
• लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायच्या?
• पहिली मजुरी किती मिळाली? ती कुणाच्या हातात गेली?
• स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा काय घेतलं?
• किती बाळंतपणं झाली, कुणी केली?
• तुम्ही कुणाची बाळंतपणं केली? कुणाला काम शिकवलं?
• गटात यायला घरून कोण नको म्हणालं? मग कशा आलात?
• गटातून पहिलं कर्ज कशासाठी घेतलं? फेडलं कसं?
• चारचौघांत पहिल्यांदा कधी बोललात?
• कुणाशी भांडलात? कशासाठी?

भांडणाचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. रेशन दुकानावर, ग्रामसभेत, दारूच्या दुकानासमोर आपल्या बाया भांडल्या म्हणून गावात बऱ्याच गोष्टी झाल्या. शोकसभेत मात्र आपण त्यांना 'शांत स्वभावाच्या' करून टाकतो. जिजींनी मुकादमाशी वाद घातला नसता, तर त्यांचं नाव मस्टरला लागलंच नसतं.

हे सगळं एका बैठकीत विचारायचं नाही. निंदणीला सोबत असाल, पापड लाटत असाल, तेव्हा एकेक विचारा. हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

साल कसं काढायचं?

जुन्या बायांना जन्मतारीख माहीत नसते. आधार कार्डावर अनेकींची १ जानेवारी असते, ती अंदाजाने टाकलेली. पण साल काढता येतं. मोठ्या घटनांचा आधार घ्यायचा. उदाहरणार्थ,

• १९७२ चा दुष्काळ: तेव्हा लग्न झालं होतं का? खडी फोडायला गेलात का? सुकडी खाल्ली का?
• १९८४, इंदिरा गांधी गेल्या: तेव्हा थोरलं लेकरू केवढं होतं?
• १९९३, किल्लारीचा भूकंप: तेव्हा धाकटी शाळेत होती का?

"बहात्तरला माझं लग्न होऊन एकच वर्ष झालेलं" असं आजी म्हणाली, की लग्नाचं साल मिळालं. लग्नात वय किती होतं ते विचारलं, की जन्मसालाचा अंदाज आला. गावातल्या घटनाही चालतात: वीज कधी आली, नदीला मोठा पूर कधी आला, पहिली बाई सरपंच कधी झाली. अंदाज असेल तर 'अंदाजे' असं लिहा. ठोकून साल टाकू नका.

कुणी लिहायचं आणि कोणत्या भाषेत?

गटाच्या लिपिका ताईंवर आधीच कामाचा भार असतो. हे काम नातींना द्या. सातवी-आठवीतली मुलगी हे छान करते आणि आजीही तिच्याशी जास्त मोकळं बोलते. मोबाईलवर आवाज भरून घेतला तर उत्तमच. पण मोबाईल बिघडतो, हरवतो, म्हणून कागदावर उतरवणं सोडू नका.

भाषा तिचीच ठेवा. "मी अत्यंत खडतर परिस्थितीत जीवन व्यतीत केले" असं आपली कुठली आजी म्हणते? ती "लई हाल काढले" म्हणाली, तर तेच लिहा. बहिणाबाईंची गाणी त्यांच्याच बोलीत उतरवली म्हणून आज त्यांचा आवाज आपल्या कानात येतो. ती 'शुद्ध' करून लिहिली असती, तर त्यातला जीव गेला असता.

लिहून झालं की तिला वाचून दाखवा. ही पायरी चुकवू नका. वाचून दाखवलं की ती म्हणते, "हे तसं नव्हतं गं." आणि मग खरी गोष्ट सांगते.

काय लिहायचं नाही?

बाई विश्वासाने बरंच काही सांगते. मारहाण, सोडून दिलेलं लग्न, गेलेलं मूल. ते ऐकायचं, पण लिहायचं की नाही हे तिने ठरवायचं. "हे लिहू का?" असं प्रत्येक वेळी विचारा. ती नको म्हणाली तर लिहू नका, आणि चारचौघींत बोलूही नका. ती गेल्यानंतर लिहीत असाल, तर घरच्यांना विचारा आणि दुसऱ्या कुणाची अब्रू जाईल असं काही घालू नका.

दुसरी गोष्ट, तिला देवी करू नका. जिजी तापट होत्या. उशिरा येणाऱ्या सदस्याला दारातच बोलायच्या. हिशोबात एक रुपया चुकला तर बैठक उठू द्यायच्या नाहीत. हे सांगितल्यावर सभेत सगळ्या हसल्या आणि जिजी पुन्हा ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटलं.

ठराव कसा लिहायचा?

आपल्या इतिवृत्त वहीत सहसा असा ठराव असतो:

"गटाच्या ज्येष्ठ सदस्या यांचे दुःखद निधन झाले. त्या अत्यंत मनमिळाऊ व कष्टाळू होत्या. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. दोन मिनिटे मौन पाळून श्रद्धांजली वाहण्यात आली."

यात चूक काही नाही. पण नाव बदललं की तोच ठराव दुसऱ्या बाईला चालतो. जिजींच्या गटाने आधीचं पान तसंच ठेवून पुढच्या पानावर दुसरा ठराव लिहिला. त्यात जिजींचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं आहेत. पुढे असं लिहिलंय:

"दुष्काळात आपल्या गावच्या रस्त्याची खडी त्यांनी फोडली आणि मस्टरला स्वतःचं नाव लावून घेतलं. गटाची पेटी पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरी होती, एकदाही पैसे कमी भरले नाहीत. एका सदस्याचे तीन हफ्ते त्यांनी स्वतः भरले आणि कुणाला सांगितलं नाही. उशीर झाला की रागवायच्या. त्यांचा अंगठा या वहीच्या पहिल्या पानावर आहे."

पाच-सहा ओळी आहेत, पण त्या फक्त जिजींच्याच आहेत.

तुमच्याही पेटीत जुनी रजिस्टरं असतील. ती भरली म्हणून रद्दीत देऊ नका. कुणी कुणाला कधी हात दिला, हे त्या हिशोबातच लिहिलेलं असतं.

हिशोब पुरा करणं हाही मान आहे

आठवणीचं बोलताना कागदाचंही थोडं बोलते. कारण बाई गेल्यावर घरच्यांना पहिली अडचण नावाचीच येते. बँकेत एक नाव, आधारला दुसरं, गटात तिसरं.

• मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करून घ्या. आधार कार्डावर आहे तेच नाव तिथे लागेल, हे पाहा.
• गटातली तिची बचत, कर्ज आणि व्याज यांचा हिशोब बैठकीत सगळ्यांसमोर मांडा आणि निघणारी रक्कम वारसाला देऊन सही घ्या. "नंतर बघू" म्हणून ठेवू नका.
• तिच्या बँक खात्यातून दरवर्षी विम्याचे पैसे कापले जात होते का, ते पासबुकात बघा. ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विमा, आणि २० रुपये असतील तर अपघाताचा सुरक्षा विमा. जीवन ज्योती १८ ते ५० वयात घेता येतो आणि हफ्ते चालू ठेवले तर ५५ पर्यंत चालतो. सुरक्षा विमा १८ ते ७० वयासाठी आहे. जीवन ज्योतीत कोणत्याही कारणाने, आणि सुरक्षा विम्यात अपघाताने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. घरच्यांना माहीत नसतं म्हणून ते मागितलेच जात नाहीत. बँक सखींची मदत घ्या.

आणि तुम्ही हे वाचताय तोवर स्वतःचीही कागदं काढून बघा. नाव सगळीकडे एकच आहे का? वारसाचं नाव लावलंय का?

सुरुवात पुढच्या बैठकीत

पुढच्या बैठकीत बचत आणि हफ्ते झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यात वयस्कर तिघींची नावं घ्या. प्रत्येकीसाठी एक लिहिणारी मुलगी ठरवा. तीन महिन्यांत तीन पानं. एक प्रत घरी, एक गटाच्या पेटीत, एक ग्रामसंघाकडे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला किंवा ८ मार्चला कार्यक्रम करतोच आपण. त्या दिवशी बाहेरच्या पाहुण्यांच्या भाषणाआधी ही पानं वाचा. आणि जिचं पान आहे तिला समोर खुर्चीवर बसवा. हार घालायला फोटो व्हायची वाट कशाला बघायची?

जिजींच्या नातीने निबंध लिहिला. मी वाचला. पहिल्याच ओळीत तिने आजीचं माहेरचं नाव लिहिलंय. शेवटी लिहिलंय की आता एसटीने शाळेत जाताना ती रस्त्याकडे बघते.

मीही बघते. आणि दर वेळी वाटतं, चार वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं. जिजींना मी विचारलं नाही. तुमच्या गटातली जिजी अजून ओट्यावर बसलेली असेल, तर आजच जा आणि विचारा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक